वृत्ताचं नाव शेवटी: छोट्या कवितेचं वृत्त, यमक आणि घाट कसे तपासावेत

छोटी कविता समोर आली की अभ्यासकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘हे कोणतं वृत्त?’ मग वृत्तांच्या यादीवरून बोट फिरू लागतं. भुजंगप्रयात बसत नाही, मालिनी बसते का, मंदाक्रांता बसते का... या वाटेनं उत्तर क्वचितच मिळतं, आणि मिळालं तरी हाती येतं ते नुसतं नाव. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या कवीनं मोजलंय काय? अक्षरं मोजली, मात्रा मोजल्या, लघुगुरूंचा क्रम सांभाळला, की यातलं काहीच केलं नाही? हे कळलं की नाव सापडायला वेळ लागत नाही. आणि नाही सापडलं, तरी विश्लेषण अडत नाही.

काम प्रत्यक्ष करून दाखवायचं तर कविता हवी. खालच्या आठ ओळी या लेखापुरत्याच रचल्या आहेत. काव्य म्हणून त्यांचं कौतुक करायची गरज नाही, पण तपासायला त्यांत बरंच काही आहे.

दार उघडता खिडकी मिटली
वाऱ्याने पण वाट न चुकली
कागद उडले, शब्द राहिले
मेजावरती शाई सुकली

कोणी आले, कोणी गेले
उंबरठ्याला कळले नाही
फक्त दिव्याला दिसले काही
तोही विझला

आधी कान, मग पेन्सिल

कविता दोनदा मोठ्यानं वाचा. पहिल्यांदा बोलण्याच्या सुरात, अर्थ लागेल तशी. दुसऱ्यांदा ठेका धरून, जिथे आघात येतोसा वाटतो तिथे बोटानं टिचकी मारत. खुणा मात्र अजून करू नका. दुसऱ्या वाचनात टिचक्या समान अंतरानं पडल्या तर कवितेत काहीतरी मोजलेलं आहे. त्या पडतच नसतील आणि ओढूनताणून पाडाव्या लागत असतील, तर कदाचित मोजलेलं नाही.

मग कविता हातानं उतरवून घ्या, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. हातानंच, कारण उतरवताना आपण छापील ओळ आणि कवीची ओळ यांतला फरक पाहतो. पानाची किंवा मोबाइलच्या पडद्याची रुंदी संपली म्हणून खाली उतरलेला तुकडा ही वेगळी ओळ नव्हे. जुन्या छपाईत अभंग किंवा ओव्या सलग छापलेल्या असतात आणि चरण कुठे संपतो ते फक्त दंडावरून कळतं. इथे घोळ झाला तर पुढच्या सगळ्या बेरजा चुकतात.

एक इशारा. कविता गाण्याच्या रूपात माहीत असेल तर ती चाल थोडा वेळ बाजूला ठेवा. संगीतकार अक्षर हवं तितकं लांबवतो. ते लांबवणं त्याचं, कवीचं नव्हे.

लघू कोणता, गुरू कोणता

मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाचं माप. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. गझल लिहिणारे लघूला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ म्हणतात. ही पद्धत मला चिन्हांपेक्षा सोयीची वाटते, कारण ‘लगागा लगागा’ म्हटलं की लयही ऐकू येते.

अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेलं अक्षर लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं गुरू; ‘बॅट’मधलं बॅ आणि ‘डॉक्टर’मधलं डॉ हेही गुरूच. उच्चारला जाणारा अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर ऱ्हस्व अक्षरही गुरू होतं, जसं ‘निंद्य’मधलं निं किंवा ‘दुःख’मधलं दुः. जुन्या पुस्तकांत ‘तें’, ‘जनीं’, ‘घरांत’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसतात. १९६२च्या लेखननियमांनी ते गेले. ते बहुधा मुळातच दीर्घ असलेल्या अक्षरांवर असत, त्यामुळे वजन बदलत नाही.

इथवर सोपं आहे. खरी मेख जोडाक्षरात आहे, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

पहिली गोष्ट: जोडाक्षर स्वतः गुरू होत नाही, त्याच्या आधीचं अक्षर गुरू होतं. ‘शब्द’मध्ये श गुरू, ब्द लघू. ‘प्रकाश’मधला प्र लघूच, कारण त्याचा स्वर ऱ्हस्व आहे आणि त्याच्या पुढे जोडाक्षर नाही.

दुसरी गोष्ट: आधीचं अक्षर गुरू होतं ते त्याच्यावर आघात येतो म्हणून, नुसतं पुढे जोडाक्षर लिहिलं आहे म्हणून नव्हे. मराठीत कितीतरी जोडाक्षरं आघात न देता उच्चारली जातात. ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘उन्हात’ म्हणून पाहा. पहिल्या अक्षरावर जोर येत नाही, म्हणून ते लघू. म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह ही अक्षरं आणि सामान्यरूपातला य यांच्याबाबतीत हे वारंवार घडतं. सगळ्यात बोलकं उदाहरण ‘पुण्याला’ हे आहे. पुणे शहराला, असा अर्थ असेल तर पु लघू. पाप-पुण्यातल्या पुण्याला, असा अर्थ असेल तर पु गुरू. अक्षरं तीच, वजन वेगळं. म्हणून केवळ कागदाकडे पाहून लगक्रम, म्हणजे लघुगुरूंचा क्रम, लावता येत नाही, तोंडानं उच्चारावंच लागतं.

आपल्या कवितेची सातवी ओळ याचीच परीक्षा घेते:

फ क्त दि व्या ला | दि स ले का ही
गा ल ल गा गा | ल ल गा गा गा

‘फक्त’मध्ये क्तमुळे फ गुरू झाला. ‘दिव्याला’मध्येही व्या हे जोडाक्षर आहे, पण ‘दिवा’चं ते सामान्यरूप, दि वर आघात नाही, म्हणून दि लघू. आणि ‘दिव्य’ या शब्दाचं ‘दिव्याला’ असतं तर? मग दि गुरू झाला असता आणि ओळीत एक मात्रा वाढली असती. ‘उंबरठ्याला’मधला र याच कारणानं लघू.

तिसरी गोष्ट: जोडाक्षर पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला असेल तर आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर गुरू धरायचं का? संस्कृतात धरतात. मराठीत दोन शब्दांमध्ये किंचित फट राहते, त्यामुळे बहुधा धरत नाहीत. याचा पुरावा थोड्याच वेळात एका प्रसिद्ध श्लोकात दिसेल.

आणखी दोन बारकावे. बोलताना आपण ‘खिडकी’चा उच्चार ‘खिड्की’ आणि ‘उघडता’चा ‘उघड्ता’ असा करतो. मोजताना मात्र ड पूर्ण धरायचा. मात्रांच्या बेरजेत यानं फरक पडत नाही (खिड्-की ही दोन गुरू अक्षरं आणि खि-ड-की ही लघू, लघू, गुरू, दोन्हींची बेरीज चारच), पण अक्षरं मोजताना पडतो. दुसरं, चरणाचं शेवटचं अक्षर लघू असलं तरी गरज असेल तर ते गुरू मानायची मुभा आहे. ओळीच्या शेवटी आवाज रेंगाळतोच.

तीन बेरजा

आता प्रत्येक ओळीखाली तीन गोष्टी लिहा: अक्षरं किती, मात्रा किती, आणि लगक्रम काय. आपल्या कवितेची अक्षरसंख्या अशी भरते: १२, ११, ११, १०, ८, १०, १०, ५. मात्रा: सात ओळींत प्रत्येकी १६, शेवटच्या ओळीत ८. लगक्रम सहाव्या आणि सातव्या ओळीत तेवढा सारखा, बाकी दर ओळीत निराळा.

याचा अर्थ सरळ आहे. अक्षरं बदलतात, क्रम बदलतो, मात्रा मात्र ठाम आहेत. कवितेत मात्रा मोजल्या आहेत, हे मात्रावृत्त आहे. ‘छंदोरचना’ हा ग्रंथ लिहिणारे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी मराठी पद्याची जी विभागणी केली, तिच्यात याला ‘जाती’ म्हणतात. लगक्रम ठरलेला असेल ते ‘वृत्त’, मात्रा ठरलेल्या असतील ती ‘जाती’, आणि नुसती अक्षरसंख्या ठरलेली असेल तो ‘छंद’. रोजच्या बोलण्यात आपण तिन्हींना वृत्त म्हणतो. त्यानं काही बिघडत नाही, लिहिताना मात्र फरक ठेवावा.

तिन्ही बेरजा एकत्र कराव्या लागतात, कारण एकच बेरीज फसवते. सर्व ओळींत अक्षरं सारखी आली म्हणजे छंदच, असं नाही. अक्षरगणवृत्तातही, म्हणजे लगक्रम ठरलेल्या वृत्तातही, अक्षरं सारखीच असतात, आणि लगक्रम सारखा असला की मात्राही आपोआप सारख्या येतात. म्हणून तपासण्याचा क्रम कडक नियमाकडून सैल नियमाकडे ठेवावा. आधी लगक्रम जुळतो का पाहा. जुळला तर ते अक्षरगणवृत्त, पुढे पाहायलाच नको. नाही जुळला तर मात्रा, त्याही नाही जुळल्या तर अक्षरं.

लगक्रम जुळला तर

मनाच्या श्लोकांतला हा श्लोक बहुतेकांना पाठ असतो:

मना सज्जना भक्तिपंथेचि जावे
तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावे
जनी निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे
जनी वंद्य ते सर्व भावे करावे

पहिली ओळ फोडून पाहा: म ना सज्, ज ना भक्, ति पं थे, चि जा वे. लगागा लगागा लगागा लगागा. चारही ओळींत हाच क्रम, दर ओळीत १२ अक्षरं. तीन-तीन अक्षरांच्या या गटाला गण म्हणतात. आठ गणांसाठी ‘यमाताराजभानसलगा’ हे जुनं सूत्र आजही सगळ्यात कामाचं. ज्या गणाचं नाव हवं त्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं घ्यायची: य-मा-ता म्हणजे लगागा, तो य गण, रा-ज-भा म्हणजे गालगा, तो र गण, भा-न-स म्हणजे गालल, तो भ गण. श्लोकात चार य गण आहेत, म्हणून तो भुजंगप्रयात.

तिसऱ्या ओळीतल्या ‘सोडूनि द्यावे’कडे पाहा. शेवटच्या गणात ‘नि द्या वे’ लगागा यायला हवं, म्हणजे नि लघूच असला पाहिजे. पुढे द्या हे जोडाक्षर असूनही रामदासांनी नि लघू धरला आहे. शब्दाच्या सीमेपलीकडचं जोडाक्षर मागच्या अक्षराला जड करत नाही, याचा हा पुरावा. उलट त्याच ओळीत ‘सर्व’मधला स एकाच शब्दात र्वच्या आधी आहे, म्हणून गुरू.

लांब वृत्तं ओळखायला गणांची पाठांतरं लागतात असा समज आहे. खरं तर अक्षरं मोजून ओळीची सुरुवात पाहिली तरी पुष्कळ काम होतं. मंदाक्रांता, शिखरिणी आणि पृथ्वी या तिन्हींत १७ अक्षरं. सुरुवातीला सलग चार गुरू असतील आणि पाठोपाठ पाच लघू धावत आले तर मंदाक्रांता. एक लघू, पाच गुरू आणि मग पाच लघू आले तर शिखरिणी. ‘लगाल ललगा’ अशी सुरुवात असेल तर पृथ्वी. १९ अक्षरं आणि बाराव्या अक्षरावर थांबा (यती) असेल तर बहुधा शार्दूलविक्रीडित. १५ अक्षरं आणि आरंभी सहा लघू असतील तर मालिनी. खात्री मात्र पूर्ण ओळ फोडूनच करावी.

नुसती अक्षरं जुळली तर

तुकारामांचा हा चरण घ्या: ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया.’ सहा, सहा, सहा, चार. मात्रा मोजल्या तर त्या सारख्या भरत नाहीत, लगक्रमही नाही. हा मोठा अभंग, आणि यमक त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडांत: विटेवरी, कटावरी. ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’ हा आठ-आठ अक्षरांचा लहान अभंग. तिथे यमक दोन्ही चरणांच्या शेवटी. म्हणजे अभंग ओळखताना अक्षरसंख्या आणि यमकाची जागा दोन्ही एकत्र पाहावी लागतात. अक्षरछंद वाचताना प्रत्येक अक्षराला सारखाच, गुरूएवढा वेळ द्यायचा असतो. ‘कर कटावरी’ भराभर बोलून टाकलं तर अभंगाचा ठेका मोडतो.

ओवीत आणखी सैलपणा. ‘ॐ नमो जी आद्या, वेद प्रतिपाद्या, जय जय स्वसंवेद्या, आत्मरूपा’: अक्षरं ६, ६, ८, ४. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा तोकडा आणि यमकाबाहेर. ग्रंथांतल्या ओवीची ओळख अक्षरसंख्येत नाही, या साडेतीन चरणांच्या बांधणीत आहे. इथे अक्षरांची बेरीज जुळेना म्हणून ‘छंद बिघडला’ असा शेरा मारणाऱ्याला ओवी कळलेलीच नाही.

मात्रा जुळल्या तर: आवर्तन शोधा

आपल्या कवितेकडे परत. ‘१६ मात्रा’ एवढं म्हणून काम संपत नाही. त्या १६ कशा विभागल्या आहेत ते पाहायला हवं, कारण लय बेरजेत नसते, आवर्तनात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सारख्या मात्रांच्या तुकड्यांत, असते.

दा र उ घ ड ता | खि ड की मि ट ली
२ १ १ १ १ २ | १ १ २ १ १ २

आठ आणि आठ. उरलेल्या ओळी फोडून पाहा, प्रत्येक वेळी आठ मात्रांवर शब्द संपतो. या आठ-आठच्या लयीला पद्मावर्तनी म्हणतात. सहाची भृंगावर्तनी, सातची अग्न्यावर्तनी, पाचची हरावर्तनी. नावं आठवायला सोपी आहेत: पद्माच्या आठ पाकळ्या, भुंग्याचे सहा पाय, अग्नीच्या सात जिव्हा, शंकराची पाच मुखं. आठ अधिक आठ अशा चरणाच्या जातीचं नाव पादाकुलक. नाव मिळालं, पण बघा, ते किती उशिरा आणि किती सहज मिळालं.

आवर्तन शोधताना एक सापळा असतो. ओळीच्या आरंभी एखाददुसरं अक्षर ठेक्याच्या बाहेर राहू शकतं. टाळी त्याच्यानंतर पडते. बेरीज बरोबर येऊनही तुकडे बेढब पडत असतील तर पहिलं एक किंवा दोन मात्रांचं अक्षर बाजूला ठेवून पुन्हा फोडून पाहा.

आता त्याच मात्रांमध्ये अक्षरं किती बसली ते पाहा. पहिल्या ओळीत १२ अक्षरं, पाचव्या ओळीत आठ. ‘कोणी आले, कोणी गेले’ या ओळीत आठही अक्षरं गुरू आहेत. वेळ तेवढाच, अक्षरं कमी. म्हणून ती ओळ संथ ऐकू येते. पहिल्या कडव्यात दार, वारा, कागद यांची धावपळ आहे, तिथे लघू दाटले आहेत. माणसं येऊन गेली तिथे चाल मंदावली. मात्रावृत्तात खरी गंमत इथे असते, आणि अक्षरसंख्येचा आलेख पाहिल्याशिवाय ती सापडत नाही.

यमक: कुठून सुरू होतं ते बघा

यमकाची मांडणी अ, ब अशा अक्षरांनी लिहा, यमक नसेल तिथे फुली. पहिलं कडवं: अ अ × अ. दुसरं: × ब ब ×.

मांडणी लिहून थांबायचं नाही, यमकाचं वजनही तपासायचं. त्यासाठी ओळीच्या शेवटाकडून मागे यायचं आणि सारखेपणा कुठे तुटतो ते पाहायचं. ‘चुकली’ आणि ‘सुकली’ यांच्यात ‘उकली’ एवढा भाग समान आहे. फरक फक्त च आणि स यांचा. हे भक्कम यमक. ‘मिटली’ आणि ‘चुकली’ यांच्यात मात्र ‘ली’ आणि त्याआधीचा अ, एवढंच समान. हे यमक प्रत्ययावर उभं आहे. ‘नाही’ आणि ‘काही’ पुन्हा भक्कम.

मराठीत क्रियापदाच्या प्रत्ययांवरची यमकं फुकट मिळतात: आली-गेली, होते-जाते, पाहिला-राहिला. त्यामुळे असं यमक दिसलं की कवीला ते नुसतंच मिळालं, की त्यानं त्याचा उपयोगही केला, हे विचारावं. आपल्या कवितेत ‘ली’ आलं आहे ते खिडकी, वाट आणि शाई या स्त्रीलिंगी शब्दांमुळे. मधली ओळ ‘शब्द राहिले’ अशी. शब्द पुल्लिंगी, अनेकवचनी, म्हणून ते यमकात शिरत नाहीत. मिटणं आणि सुकणं यमकात बांधलं गेलं, आणि जे राहिलं ते यमकाबाहेर राहिलं. प्रत्यययमक स्वस्त असलं तरी इथे त्यानं काम केलं, असं म्हणता येतं. ‘न चुकली’ या मिटण्या-सुकण्याच्या रांगेत नीट बसत नाही, हे मात्र कबूल करावं लागेल. आपल्या वाचनाला न जुमानणारा शब्द लपवून ठेवणारं विश्लेषण मला नेहमीच संशयास्पद वाटतं.

कविता गझल असेल तर यमक दोन भागांत पाहावं. ‘दार नाही’, ‘भार नाही’, ‘आधार नाही’ यांत ‘नाही’ हा जसाच्या तसा परतणारा शब्द म्हणजे रदीफ, आणि त्याआधीची ‘आर’ची जोडी म्हणजे काफिया. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत हे दोन्ही असतात, पुढे प्रत्येक शेराच्या फक्त दुसऱ्या ओळीत. माधव जूलियनांनी मराठीत आणलेली आणि सुरेश भटांनी घरोघरी पोचवलेली ही रचना ओळखताना नवखे लोक रदीफालाच यमक समजतात. एकच शब्द परत आला तर ती पुनरावृत्ती. यमक त्याच्या आधी शोधायचं.

ओळीच्या आतही कान द्या. ‘वाऱ्याने पण वाट’मधला व, ‘कोणी-कोणी’ची आवृत्ती. पण प्रत्येक दोन सारख्या अक्षरांना अनुप्रास म्हणत सुटू नका. ऐकू येतं तेवढंच नोंदवा.

घाट

घाट म्हणजे ओळी, कडवी आणि अर्थाची वळणं यांची एकत्र बांधणी. ठरलेले घाट ओळखायला सोपे. १४ ओळी दिसल्या की सुनीत आहे का पाहा, आणि आठ ओळींनंतर विचार वळतो का तेही पाहा. केशवसुतांनी १८९२ साली मराठीत आणल्यापासून पुष्कळ सुनीतं शार्दूलविक्रीडितात लिहिली गेली. १२-१८-१२-१८ मात्रा दिसल्या तर ती गीती. मोरोपंतांच्या ज्या रचनांना आपण सरसकट आर्या म्हणतो त्या बहुतेक गीतीच आहेत.

ठरलेला घाट नसेल तर दोन प्रश्न पुरतात. वाक्य कुठे संपतं आणि ओळ कुठे संपते? दोन्ही एकाच जागी संपत असतील तर कविता स्थिर वाटते. वाक्य ओळ ओलांडून पुढे गेलं तर ओढ निर्माण होते. आपल्या कवितेत पहिल्या कडव्यातली प्रत्येक ओळ स्वतःत पूर्ण आहे. दुसऱ्यात ‘कोणी आले, कोणी गेले’चा अर्थ पुढच्या ओळीशिवाय अपुरा राहतो, आणि ‘तोही’ हे सर्वनाम तर मागच्या दिव्यावरच टेकलेलं. म्हणजे कडवं बदलताना केवळ विषय नाही, जोडणीही बदलली. घाटातलं वळण तिथे आहे.

बिघाड दिसला की

आता शेवटची ओळ. सात ओळी १६ मात्रांच्या आणि ही आठच्या. विश्लेषणाचं खरं काम अशा ठिकाणी सुरू होतं, आणि इथेच घाई नडते. ओळ जुळली नाही तर कवीला दोष देण्याआधी क्रमानं पाहा. आपण लगक्रम चुकीचा लावला का? छपाईत शब्द गळला का, किंवा मूळ ‘घेउन’चं कोणी नियमानुसार ‘घेऊन’ केलं का? असं शुद्धीकरण पद्यात एक मात्रा वाढवून जातं. जुन्या कवितांच्या नव्या आवृत्त्या तपासताना हे लक्षात ठेवावं. कवीनं मुभा घेऊन ऱ्हस्वाचं दीर्घ किंवा दीर्घाचं ऱ्हस्व केलं आहे का? हे सगळं नाही म्हटल्यावरच विचारा: मोडण्यात हेतू आहे का?

हेतू आहे की नाही हे कवीच्या मनात शिरून कळत नाही, पण ओळ बदलून पाहता येते. शेवटची ओळ पूर्ण १६ मात्रांची करू:

फक्त दिव्याला दिसले काही
तोही विझला, उरले नाही

मात्रा बरोबर, यमकही जुळलं. आणि कविता पडली. पहिल्या रूपात दिवा विझतो तिथे ओळच विझते. उरलेल्या आठ मात्रांच्या जागी कान वाट पाहत राहतो आणि यमकही मिळत नाही. दुसऱ्या रूपात ‘उरले नाही’ हे शब्द तीच गोष्ट सांगतात, पण ती घडत नाही. शिवाय ‘विझला’मधला ला हा ‘मिटली, चुकली, सुकली’मधल्या ली-ला किंचित स्पर्श करतो, जुळत मात्र नाही. भर घातलेल्या ओळीत तो शेवटी राहिला नाही आणि हा धागाही तुटला.

ही बदलून पाहण्याची युक्ती कुठेही चालते. एक शब्द सममात्रिक शब्दानं बदला, दोन ओळींची अदलाबदल करा, यमक काढून टाका. बदलानं काहीच बिघडलं नाही तर ती जागा कवितेत फारसं काम करत नव्हती. हेही लिहायला हरकत नाही, कवी कितीही मोठा असला तरी.

काहीच जुळलं नाही तर

तर कविता मुक्तछंदात किंवा गद्याच्या लयीत असेल. दोन्ही एक नव्हेत. कवी अनिलांनी रुजवलेल्या मुक्तछंदात ओळींची लांबी मोकळी असली तरी आतून एक आवर्तन चालू राहतं: पाच-पाच अक्षरांचे किंवा आठ-आठ मात्रांचे तुकडे, कधी दोन तर कधी चार. म्हणून अशा कवितेत ओळीची बेरीज न करता तुकड्यांची करा. तुकडेही जुळत नसतील तर मात्रांचा नाद सोडून पाहा: ओळ कुठे तोडली, एखादी वाक्यरचना परत येते का, सगळ्यात लांब आणि सगळ्यात तोकडी ओळ कुठे आहे, तोडल्यामुळे कोणता शब्द ओळीच्या टोकाला एकटा पडला. वृत्त नाही म्हणजे घाट नाही, असं होत नाही.

टिपण लिहिताना

तक्ता उतरवून देऊ नका, तो तुमच्या वहीत राहू द्या. वाचणाऱ्याला निष्कर्ष आणि त्याचा पुरावा हवा असतो. आपल्या कवितेवरचं टिपण साधारण असं होईल:

‘ही आठ ओळींची, दोन कडव्यांची कविता पादाकुलकात आहे. शेवटचा सोडून प्रत्येक चरण आठ-आठ मात्रांच्या दोन आवर्तनांचा असून यती दर वेळी शब्दाच्या शेवटी येते. पहिल्या कडव्यात लघूंची दाटी आहे; पाचवी ओळ संपूर्ण गुरू अक्षरांची असल्यानं तिथे गती मंदावते. यमकरचना अ अ × अ, × ब ब × अशी आहे. पहिल्या कडव्यातलं यमक प्रत्ययाधिष्ठित आहे, मात्र “शब्द राहिले” ही ओळ त्याबाहेर ठेवल्यानं त्याला अर्थ मिळतो. शेवटचा चरण अर्धाच, एका आवर्तनाचा आणि निर्यमक आहे. दिव्याचं विझणं रचनेतही घडतं ते त्यामुळे.’

टिपणात ‘लयबद्ध’, ‘गेय’, ‘नादमधुर’ ही विशेषणं आली असतील तर प्रत्येकापुढे ‘कुठे?’ असं लिहून पाहा. ओळ दाखवता आली तर विशेषण ठेवा, नाहीतर खोडा.